कोल्हासुराच्या गावात ऑर्क

ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर पाय टेकवायला जागा नसते. यंदा भाचीने हट्ट धरला म्हणून गेले, नाहीतर त्या गर्दीत शिरून मला दहा-बारा वर्षं झाली होती. अंबाबाईची पालखी वर आली, रुसून टेकडीवर येऊन बसलेल्या त्र्यंबोलीची तिने भेट घेतली, आरती झाली, आणि मग सगळ्यांचे डोळे कोल्हासुर दैत्याच्या नावाने फोडायच्या कोहळ्याकडे लागले. तसा तो फार मोठा नव्हता. अंगावर राख फासल्यासारखी पांढुरकी भुकटी, त्यावर कुंकवाचा मळवट. कुमारिकेने त्रिशूळ त्यावर टेकवला आणि पुढचं मला दिसलंच नाही, कारण अख्खी गर्दी एकदम झेपावली. तुकडा घरी नेला की बरकत येते म्हणतात, म्हणून चांगली मोठमोठी माणसं जमिनीवर हात चालवत होती. एका पोराच्या मुठीतून गर आणि बिया ओघळत होत्या आणि तो ती मूठ डोक्यावर धरून बाहेर पडायची वाट शोधत होता. नऊवारीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या तुकड्यातला अर्धा मोडून भाचीच्या हातावर ठेवला. "घे गं पोरी, देव्हाऱ्यात ठेव."

टेकडी उतरताना भाची त्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "मावशी, मी नाही मानत. ऑर्क एल्फांपासून झाले, हे मी मानतच नाही. ते पान मी तीनदा वाचलो." (आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी वाचलो' असंच बोलतात. पुण्याचे पाहुणे अजून दचकतात.)

तिच्या डोक्यात हे पावसाळाभर चाललं होतं. ती अकरावीत आहे. जूनमध्ये माझ्या कपाटातला टॉल्किन या इंग्रज लेखकाचा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घेऊन गेली, आणि गणपतीपर्यंत त्याच्याच 'द सिल्मरिलियन'पर्यंत पोहोचली. एल्फ हे तिचे लाडके. उंच, देखणे, गाणी रचणारे, म्हातारपण न येणारे. आणि त्याच पुस्तकात तिला वाचावं लागलं की मेल्कोर नावाच्या महाशक्तीने सुरुवातीच्या काळात काही एल्फ पकडून आपल्या अंधाऱ्या गढीत नेले, हळूहळू छळून त्यांना मोडलं, आणि त्यांच्यातून ऑर्क ही कुरूप, क्रूर जात तयार केली. तिला ते पटेना. आपल्या माणसाचं नाव कोणीतरी खुनाच्या यादीत घातल्यासारखा चेहरा करून ती त्यावर बोलते.

मग रंकाळ्यावर आमची सभाच भरू लागली. दर रविवारी संध्याकाळी ताई, दाजी, भाची आणि मी. काठावरच्या कट्ट्यावर बसायचं, भडंगाचा पुडा मध्ये, आणि विषय ऑर्कांचा. ताई सुरुवातीला म्हणाली, "खोट्या गोष्टीतले खोटे राक्षस. कुठनं का येईनात." दोन रविवारांनी तीच सगळ्यात जोरात भांडत होती.

माझं मत आधीच सांगून टाकते. राक्षस कुठून आला हा प्रश्न फावल्या वेळचा नाही. त्याला मारताना आपला हात थांबला पाहिजे की नाही, हे त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. आणि मला टॉल्किनबद्दल जी माया आहे ती त्याच्या एल्फांमुळे नाही. या एका प्रश्नाने त्याला मरेपर्यंत झोपू दिलं नाही, त्यामुळे आहे.

त्याचं पहिलं उत्तर तरुणपणीचं. १९१६ साली सोमच्या लढाईतून खंदकातला ताप घेऊन तो इंग्लंडला परतला आणि त्या आजारपणात त्याने गोंडोलिन नगरीच्या पाडावाची कथा लिहिली. तिथे ऑर्क सरळ जमिनीखालच्या उष्णतेतून आणि चिखलगाळातून पैदा केलेले आहेत, काळीज दगडाचं. मला यात नवल वाटत नाही. महिनोन् महिने चिखलात माणसं मरताना पाहून आलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला राक्षस चिखलातूनच उगवलेले दिसणार. हे उत्तर सोयीचंही आहे. चिखलाला आई नसते. तलवार चालवली तरी कोणाच्या घरी रडारड नाही.

पण तो जसजसा मुरत गेला तसतसं हे उत्तर त्यालाच नडायला लागलं. तो श्रद्धाळू कॅथलिक होता आणि निर्मिती फक्त ईश्वराची, हे त्याच्या जगाचं मूळ सूत्र. १९५४-५५ साली आलेल्या मोठ्या कादंबरीत, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, नायक फ्रोडो आपल्या सोबत्याला, सॅमला, सांगतो की ज्या काळ्या सावलीने ऑर्क निपजवले तिला नवं काही घडवता येत नाही, आहे त्याची विटंबना तेवढी करता येते. एवढं एक वाक्य लिहिलं की चिखलाचा रस्ता बंद. ऑर्क आधी कोणीतरी होते, आणि ते कोण होते हे आता लेखकाला सांगावं लागणार.

ही गोष्ट भाचीला समजावताना मी तिला आउलेची कथा परत वाचायला लावली. आउले हा त्या जगातला कारागीर देव. ईश्वराची लेकरं जागी होण्याची वाट बघवेना, म्हणून त्याने चोरून बुटक्यांचे सात पूर्वज घडवले. ईश्वराने विचारलं, हे काय केलंस? तुझ्या मनात येईल तेव्हाच हलणारी बाहुली तू केलीस. आउलेला पश्चात्ताप झाला, त्याने आपल्याच लेकरांवर मोठा हातोडा उगारला, आणि ती बुटकी माणसं अंग चोरून मागे सरली, माना खाली घालून गयावया करू लागली. तेव्हा ईश्वर म्हणाला, बघ, यांच्यात जीव आला आहे, नाहीतर ती भ्याली नसती. सबंध पुस्तकात मला ही जागा सगळ्यात प्रिय आहे. उगारलेल्या हातोड्याखाली जो दचकतो, त्याला स्वतःचा जीव आहे. एवढीच खूण पुरते.

मग ऑर्क दचकतात की नाही? दचकतात. पळतात, घाबरतात, वरच्यांच्या नावाने बोटं मोडतात. किरिथ उंगोलच्या घाटात शाग्रात आणि गोरबाग हे दोघे ऑर्क नाईक बोलताना सॅमला ऐकू येतात. एकजण म्हणतो, लढाई संपली की चार विश्वासाची पोरं घेऊन सटकावं, जिथे डोक्यावर मोठे साहेब नाहीत अशी जागा बघावी. दाजींना ही जागा वाचून दाखवली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "हे तर आमच्या साखर कारखान्यातल्या कुठल्याबी पाळीत ऐकायला मिळंल." त्याच बोलण्यात पुढे गोरबागला वाटतं की कोणीतरी आपल्या जखमी सोबत्याला तसाच टाकून गेलं, आणि तो म्हणतो, ही तर खास एल्फांची खोड! म्हणजे साथीदाराला टाकून जाणं वाईट, हे ऑर्कालाही कळतं. फक्त त्याच्या लेखी राक्षस एल्फ आहेत.

दाजी जनावरांचे डॉक्टर आहेत. ऑर्क ही जनावरं होती, असाही एक पक्ष आहे, आणि तो खुद्द टॉल्किनचाच. उतारवयात त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेली टिपणं मुलगा ख्रिस्तोफरने १९९३ साली 'मॉर्गॉथ्स रिंग' या खंडात छापली. त्यात म्हातारा माणूस एकेका वाटेने जाऊन परत येताना दिसतो. ऑर्क म्हणजे मुळात पशू असावेत, पोपटाला शिकवावं तशी त्यांच्यात बोली भरली असेल. की माणसांपासून झाले? मग काळाचा हिशेब जुळत नाही, कारण माणसं जागी होण्याआधीच ऑर्क गोष्टीत येऊन गेलेले आहेत. काही थोर ऑर्क तर देहात अडकलेले छोटे दैवी आत्मे असतील काय? एल्फांचं उत्तर त्याला स्वतःला तेव्हा पटेनासं झालं होतं. 'द सिल्मरिलियन' १९७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी आलं, आणि त्यात ते उत्तर राहिलं. तेही 'शहाणे असं मानतात' एवढ्या आधाराने.

पशूंच्या बाजूने भाचीने वकिली केली. तिला एल्फ वाचवायचे होते. दाजींनी भडंग खाता खाता ती मोडून काढली. "जनावर भुकेनं मारतं, भीतीनं मारतं. चिडवून चिडवून कुणाला मारत न्हाई. पकडलेल्या माणसाची चेष्टा करायला मन लागतं, आणि ते बिघडलेलं लागतं." मग त्यांनी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरच्या कुत्र्याची हकीकत सांगितली. मालकाने पिल्लू असताना गळ्यात चामडी पट्टा बांधला आणि साखळीने चिमणीजवळ अडकवला. कुत्रं वाढलं, पट्टा तेवढाच राहिला. दाजींना बोलावलं तेव्हा त्याने दोघांना फोडलं होतं, आणि मालक म्हणत होता, जातच वाईट, सुई देऊन टाका. दाजींनी भूल दिली, मानेवरचे केस बाजूला केले, तर पट्टा दिसेना. कातडी त्याच्यावरून वाढून आली होती. पट्टा मांसात रुतला होता आणि त्या खाचेत किडे. अर्धा तास चिमट्याने ओढून तो काढला. ते कुत्रं आज दाजींच्या दवाखान्याच्या पायरीवर झोपतं. लहान पोरं त्याच्या अंगावर लोळतात. पण कुठेही साखळी वाजली की ते अजून दात काढून उभं राहतं, समोर कोण आहे हे न बघता.

त्या रविवारी पुढे कोणी फार बोललं नाही. ताईने पुड्याची सुरळी केली.

मला या लेखकाशी एक भांडण करायचं आहे आणि ते मी मायेनेच करते. सॅमसमोर एक परका सैनिक मरून पडतो, माणूस, शत्रूच्या बाजूचा. सॅमला वाटतं, याचं नाव काय असेल, हा मनाने खरंच वाईट होता काय, की खोट्या आश्वासनांनी घराबाहेर ओढला गेला. पुस्तकातल्या फार सुंदर ओळी आहेत त्या. ऑर्काच्या प्रेतापुढे असं कोणीच थांबत नाही. उलट हेल्म्स डीपच्या लढाईत लेगोलास हा एल्फ आणि गिमली हा बुटका कोणी किती पाडले याची पैज लावतात. एकाचे एकेचाळीस, दुसऱ्याचे बेचाळीस. लढाई संपल्यावर शत्रूकडून लढलेल्या डोंगरी माणसांना अभय मिळतं, पुन्हा शस्त्र घेऊन आयझेन नदी ओलांडणार नाही असं वचन घेऊन त्यांना घरी पाठवतात. ऑर्क एकही जिवंत उरत नाही. लहानपणी ती पैज वाचताना मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता ते पान मी भरभर उलटते.

आणि तरी याच माणसाने १९५४ साली एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर लिहायला घेतलं, त्यात लिहिलं की ऑर्क हे मुळात बुद्धी असलेले देहधारी जीव आहेत, भयंकर बिघडलेले खरे, पण आज भेटणाऱ्या कित्येक माणसांहून जास्त नाही. ते पत्र त्याने पाठवलंच नाही. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, त्याने ख्रिस्तोफरला लिहिलं होतं की खऱ्या जगात दोन्ही बाजूंना माणसंच असतात, आणि दोन्ही बाजूंच्या त्या मिसळीत ऑर्कही असतात. पुढे त्या अखेरच्या टिपणांत तो नियम घालतो: ऑर्कांशी लढावंच लागेल, पण पकडलेल्या ऑर्काचा छळ करायचा नाही, घरदार वाचवण्यासाठी माहिती हवी असली तरी नाही. आणि ऑर्क शरण येऊन दया मागू लागला तर ती द्यायची, किंमत मोजावी लागली तरी. उगमाचं कोडं सुटलेलं नसताना त्याने हे लिहून ठेवलं. कादंबरीत जे राहून गेलं त्याची ही भरपाई आहे असं मला वाटतं. उशिरा सुचलेली, आणि म्हणून मला जास्त जवळची.

आमच्या आजीला हे सगळं सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. ती शिवाजी पेठेत वाढलेली, देवीच्या कथा तिच्या तोंडात बसलेल्या. तिच्या गोष्टीत राक्षस कधी चिखलातून यायचे नाहीत. प्रत्येकाला बाप असायचा, बहुधा आईही. "अगं, देव आणि दैत्य एकाच कश्यपाची लेकरं. आया दोन. अदितीचे ते देव, दितीचे ते दैत्य." म्हणजे पुराणांतली सगळी युद्धं ही भाऊबंदकी. हिरण्यकशिपू दैत्य, त्याचा मुलगा प्रल्हाद भक्त, प्रल्हादाचा नातू बळी. हिरण्यकशिपू आणि रावण दोघंही मागच्या जन्मी वैकुंठाच्या दारावरचे पहारेकरी, शापाने खाली आलेले. टॉल्किन ज्या कोड्यात अडकला त्याचं उत्तर आजी भाकरी थापता थापता देऊन गेली असती: वरचेच खाली येतात गं, दुसरे कुठनं येणार?

गंमत म्हणजे टॉल्किन ज्या जुन्या इंग्रजी काव्यावर पोसला, त्या 'बेवुल्फ'मध्येही हेच आहे. ऑर्क या शब्दाचं एक मूळ तिथल्या 'ऑर्कनेआस' या नावात. आणि ते काव्य या सगळ्या भुताखेतांचा वंश केनपर्यंत नेतं, ज्याने सख्ख्या भावाचा जीव घेतला त्या बायबलातल्या केनपर्यंत. तिकडे थंड समुद्राकाठी आणि इकडे पंचगंगेकाठी, लोकांना राक्षसाच्या मागे भाऊ दिसला.

आणि कोल्हासुर. आजीच्या तोंडून ऐकलेली त्याची गोष्ट शाळेतल्या गोष्टीपेक्षा लांब होती. देवांनी त्याची मुलं मारली, ती म्हणायची, म्हणून तो पेटला. त्याने देवीचीच आराधना केली आणि मागितलं काय, तर शंभर वर्षं तू हे क्षेत्र सोडून जा. ती गेली. शंभर वर्षं त्याने मुलूख जाळला. शंभर सरल्यावर ती परत आली, लढाई झाली, आणि पडल्यावर तिने त्याला विचारलं, तुझी इच्छा काय? तो म्हणाला, या क्षेत्राला माझं नाव राहू दे, आणि माझ्या नावाने दरवर्षी कोहळा फोड. दोन्ही तिने मान्य केलं. तो कोहळा पुढे त्र्यंबोलीच्या अंगणात गेला, कारण कोल्हासुराच्या पोराने, कामाक्षाने, सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं तेव्हा त्यांना सोडवणारी ती. विजयाच्या समारंभात तिलाच बोलवायचं राहिलं म्हणून ती रुसून टेकडीवर बसली. अभ्यासक 'कोल्हापूर'चा संबंध कन्नड 'कोळ्ळ'शी, म्हणजे दरीशी, लावतात, आणि ते बरोबरही असेल. पण इथल्या बायकांनी दरीपेक्षा दैत्य पसंत केला, आणि त्याला शेवटचा शब्द बोलू दिला. लेगोलासच्या एकेचाळिसांतल्या एकालाही तो मिळालेला नाही.

गोष्ट कोण सांगतंय हेही आमच्या मातीत जुनंच भांडण आहे. १८७३ साली जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त बळीराजाची कथा उलटी धरली: ज्याला राक्षस म्हणता तो इथला राजा, आणि अवतार म्हणता ते आक्रमक. त्याआधी आणि त्यानंतरही पाडव्याला ओवाळताना आमच्या घरी तेच म्हटलं जातं, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. एल्फांच्या गीतांत ऑर्क वाईटच असणार. ऑर्कांची गीतं कोणी जपून ठेवली नाहीत. भाचीला हे मी सांगितलं तेव्हा ती चिडली. "म्हणजे एल्फ खोटं बोलालेत म्हणतीस?" तसं नाही म्हटलं. गोरबागची बाजू गोरबागकडून एवढीच आपल्याला ऐकू आली, घाटातल्या काळोखात, चोरून ऐकणाऱ्या सॅमच्या कानांनी.

कोजागिरीला त्यांच्याकडे गेले. ताई गॅसवर दूध आटवत होती, दाजी गच्चीवर चटया टाकत होते. देव्हाऱ्यातला कोहळ्याचा तुकडा सुकून कडा वळल्या होत्या, एक बी सुटून निरांजनाजवळ पडली होती. भाचीची वही स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडी होती. तिने दोन्ही पुस्तकं पुन्हा चाळून ऑर्कांची नावं काढली होती, एकाखाली एक, मराठीत: शाग्रात, गोरबाग, उग्लूक, ग्रिश्नाख, लुग्दुश, उफ्ताक, रादबुग, लागदुफ, मुझगाश. बोल्गच्या पुढे लिहिलं होतं, 'अझोगचा मुलगा'. त्या एका नोंदीखाली दोन रेघा. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "बापाचं नाव दिलंय याच्या. एकाच्याच."

यादीच्या तळाला 'स्नागा' होतं, आणि त्यावर काट मारलेली.

"हे का खोडलंस?"

"ते नाव नाही, मावशी. परिशिष्टात बघितलो मी. त्यांच्या भाषेत स्नागा म्हणजे गुलाम. वरचे त्याला तसंच हाक मारतात." तिने वही स्वतःकडे ओढली आणि त्या खोडलेल्या शब्दासमोर पेन्सिलने एक रेघ आखली, फॉर्मवर नाव भरायला सोडतात तशी, कोरी. मग ताईने हाक मारली, दूध उतू चाललंय, आणि ती पेन्सिल वहीत ठेवून धावली.